हजाराचा घोडा दहा रुपयांना
निवृत्त होणारा टर्नर आपला मायक्रोमीटर शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याला पाचशेत देऊन टाकतो. बाजारभाव कैक पट. घेणाऱ्याने गप्प बसावं का?

कायद्याची ना नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २५ मध्ये हजाराचा घोडा दहा रुपयांना विकल्याचं उदाहरणच आहे: संमती मोकळी असेल तर सौदा पक्का. ती तशी होती का, हे ठरवताना न्यायालय किंमत विचारात घेऊ शकतं. विकणारा हाताखालचा असेल, तर ही शंका रास्तच.

रोमन कायदेपंडित स्केव्होलाने जमीन घेताना मागितलेल्या किमतीवर आपणहून एक लाख सेस्टर्स वाढवून दिले, असं सिसेरो सांगतो. लोकांनी त्याला भला म्हटलं, शहाणा नव्हे!

अर्थात, मायक्रोमीटर मुळात कंपनीच्या स्टोअरमधला असेल, तर भावाची चर्चाच फिजूल. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं गुन्हा आहे.