एकाच क्षणी ९२ कॅमेरे! अंगावरच्या प्रत्येक तिळाचा फोटो काढून त्वचेच्या कॅन्सरवर नजर कशी ठेवतात?

आपल्या अंगावर नेमके किती तीळ आहेत, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येणार नाही. चेहऱ्यावरचा, मानेवरचा ठाऊक असतो. ओळखखूण म्हणून एखादा फॉर्मवर लिहिलेलाही असतो. पण पाठीवर किती आहेत आणि त्यातला एखादा गेल्या वर्षीपेक्षा मोठा झालाय का, हे कुणाच्या लक्षात राहणार?

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात हे लक्षात ठेवायचं काम एक मशीन करतं. कमीत कमी कपड्यांत मशीनच्या मधोमध उभं राहायचं आणि हात अंगापासून थोडे लांब धरायचे. चहूबाजूंचे ९२ कॅमेरे एकाच क्षणी फोटो काढतात आणि कॉम्प्युटरवर त्या माणसाची थ्रीडी आकृती उभी राहते. तिच्यावर तीळ आणि डाग आपापल्या जागी दिसतात. या पद्धतीला ‘टोटल बॉडी फोटोग्राफी’ म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते बघूया.

ऑस्ट्रेलियातच का?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींमध्ये होणाऱ्या कॅन्सरला ‘मेलानोमा’ म्हणतात. त्वचेच्या कॅन्सरच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांमध्ये हा सगळ्यात घातक. जगात मेलानोमाचं प्रमाण सर्वाधिक आहे ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. कारण साधं आहे. तिथल्या बऱ्याच लोकांचे पूर्वज युरोपातल्या कमी उन्हाच्या प्रदेशातले. त्यांची त्वचा गोरी आणि राहायला मिळालं कडक ऊन.

म्हणूनच तिथे १९८१ पासून ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम सुरू झाली. म्हणजे अंगात शर्ट चढवा, सनस्क्रीन लावा, डोक्यावर टोपी घाला. त्वचा मुद्दाम सावळी करून देणाऱ्या सोलॅरियमच्या धंद्यावरही तिथल्या बहुतेक राज्यांनी २०१५ पासून बंदी घातली.

मेलानोमात सगळा खेळ वेळेचा असतो. गाठ त्वचेत १ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असतानाच सापडली, तर बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेवर भागतं. हाच कॅन्सर फुप्फुसं, यकृत किंवा मेंदूपर्यंत पोचला, तर जीव वाचवणं अवघड होतं.

फोटोचा नेमका उपयोग काय?

मेलानोमा जुन्या तिळातूनच होतो, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात सुमारे ७० टक्के मेलानोमा आधी काहीच नसलेल्या जागी, नव्याने उगवतात. त्यामुळे फक्त संशयास्पद तिळांवर नजर ठेवून पुरत नाही. डॉक्टरांना दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. नवीन काय आलं? आणि जुन्यात काय बदललं?

एखाद्याच्या अंगावर १०० तीळ असतील, तर केवळ आठवणीवर ही उत्तरं देता येत नाहीत. जुना फोटो समोर असला की देता येतात. पहिल्या वेळचे फोटो जपून ठेवले जातात आणि पुढच्या प्रत्येक भेटीत नवे फोटो त्यांच्याशी ताडून बघितले जातात. वेगळा दिसणारा डाग डॉक्टर ‘डर्मोस्कोप’ या भिंगातून तपासतात. तरीही शंका राहिली, तर तेवढा भाग काढून प्रयोगशाळेत पाठवतात. कॅन्सर आहे की नाही, हे तिथेच ठरतं. फोटोवरून ते ठरत नाही.

ही तपासणी सरसकट सगळ्यांसाठी नसते. आधी मेलानोमा होऊन गेलाय, जवळच्या नात्यात तो झालाय किंवा अंगावर खूप आणि वेड्यावाकड्या आकाराचे तीळ आहेत, अशांना तिचा विचार करायला सांगतात.

मग जितके फोटो, तितका फायदा?

इथे गोष्ट थोडी अवघड होते. ब्रिस्बेनमध्येच जास्त धोका असलेल्या ३१४ लोकांचा २ वर्षं अभ्यास झाला. निम्म्या लोकांची नेहमीची तपासणी झाली. उरलेल्यांची त्यासोबत थ्रीडी फोटोग्राफीही झाली. २०२५ मध्ये निष्कर्ष आले. फोटो काढलेल्या गटात जास्त डाग कापून काढावे लागले, पण त्या प्रमाणात मेलानोमा काही जास्त सापडले नाहीत.

म्हणजे मशीन निरुपयोगी आहे का? तसं नाही. पण जास्त दिसायला लागलं की शंकाही जास्त येतात आणि काही डाग विनाकारण कापले जातात. कुठला बदल महत्त्वाचा आणि कुठला साधा, हे ओळखण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

आपल्या त्वचेचं काय?

सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं. ते उन्हापासून बऱ्यापैकी संरक्षण देतं, त्यामुळे भारतीयांमध्ये मेलानोमा खूप कमी आढळतो. पण तो होतच नाही, असं नाही. आणि होतो तेव्हा अनेकदा जिथे ऊन पोचत नाही अशा जागी होतो. तळपाय, तळहात किंवा नखाखाली.

प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये असाच मेलानोमा सापडला होता. पुढे तो शरीरभर पसरला आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

गंमत म्हणजे ९२ कॅमेऱ्यांनाही नेमक्या याच जागा नीट दिसत नाहीत. माणूस उभा असल्यामुळे तळपाय झाकलेले राहतात. केसांखालची त्वचा, बोटांच्या बेचक्या आणि अंतर्वस्त्रांखालचा भागही सुटतो. हे सगळं डॉक्टरांना वेगळं तपासावं लागतं. त्यामुळे सिडनी किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने हे फोटो काढून घेतले, तरी तळपाय आणि नखं दाखवल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं समजू नये.

घरबसल्या काय करता येईल?

तिळाच्या बाबतीत पाच गोष्टी बघायच्या: दोन्ही बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात अनेक रंग दिसणं, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असणं आणि काही महिन्यांत बदल होणं. बाकीच्या तिळांपेक्षा एखादाच वेगळा दिसत असेल, तर तोही दाखवावा.

महिन्यातून एकदा तळपाय उलटून बघायला एक मिनिटही लागत नाही. नखात नवीन काळी रेघ उमटली आणि ती रुंद होत गेली, किंवा तळपायावरचा काळा डाग वाढत गेला, तर ‘कुरूप असेल’ किंवा ‘बूट चावला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. बरी न होणारी जखमही तशीच अंगावर काढू नये.

एखाद्या तिळाबद्दल शंका असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवता येतो. दर वेळी उजेड आणि अंतर सारखं ठेवायचं आणि शेजारी पट्टी धरायची, म्हणजे वाढ झाली का ते कळतं. बदल दिसला की तो फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं. एखाद्या अ‍ॅपने ‘काळजीचं कारण नाही’ असं सांगितलं, तरी ही भेट टाळू नये.