सरोवराची शांतता कोणाची?

सरोवर सर्वांचें, परंतु तेथील शांतता कोणाची, हा प्रश्न यंत्रनौका आल्यापासून उपस्थित झाला आहे. वल्हीं मारणारे, गळ टाकून बसलेले, पोहणारे व कांठानें फिरणारे असे शंभर लोक एकाच जलाशयावर एकमेकांस न दुखवितां नांदूं शकतात. पण भरवेगानें धांवणारी एकच यंत्रनौका आली, कीं त्या शंभरांचा विरंगुळा संपतो. तिचा आनंद एकट्याचा. आवाज मात्र सर्वांच्या वांट्याचा.

हा आवाज पाण्यावरून इतका दूर कां जातो? गवत व झाडी ध्वनीचा कांहीं अंश शोषून घेतात. शांत पाण्याचा सपाट पृष्ठभाग तो जवळजवळ सर्वच परतवितो. शिवाय उबदार दिवशीं थंड पाण्यालगतची हवा थंड व वरची उष्ण असते. उष्ण हवेंत ध्वनीचा वेग अधिक. त्यामुळें वर चढणाऱ्या लहरी वांकून पुन्हां खालीं येतात. भोंवतीं डोंगर असल्यास प्रतिध्वनीची भर निराळीच.

आतां थोडा हिशेब पाहूं. दोन सारख्या नौकांपैकीं एक थांबविली, तर आवाज अवघा ३ डेसिबल घटतो. कानास तो निम्मा वाटावयास मात्र सुमारें १० डेसिबल घट लागते. म्हणजे दहांपैकीं नऊ नौका काढाव्या, तेव्हां कोठें आवाज निम्मा वाटणार! अर्थात् संख्या घटविण्यापेक्षां प्रत्येक नौकेचा आवाज घटविणें हाच खरा उपाय.

इंग्लंडांतील विंडरमिअर सरोवराचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. सुमारें १७ किलोमीटर लांबीचें हें त्या देशांतील सर्वांत मोठें नैसर्गिक सरोवर. या भागाची शांतता भंगेल म्हणून वर्ड्स्वर्थ कवीनें १८४४ सालीं रेल्वेस विरोध केला. तरी १८४७ सालीं गाडी आलीच. १३ जून १९३० रोजीं सर हेन्री सीग्रेव्ह यांनीं याच पाण्यावर ताशीं ९८.७६ मैलांचा जागतिक उच्चांक केला, आणि त्याच दिवशीं नौकेच्या अपघातांत ते मरण पावले. १९५१ सालीं हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. पुढें अल्सवॉटरसारख्या शेजारच्या सरोवरांवर ताशीं १० मैलांची मर्यादा आली, तेव्हां वेगाच्या शौकिनांस विंडरमिअरच उरलें. अखेर तेथेंही २००० सालीं तीच मर्यादा मंजूर झाली व मार्च २००५ मध्यें अंमलांत आली.

मर्यादा आवाजावर न घालतां वेगावर कां घातली, असें कोणी विचारील. वेग मोजणें सोपें. शिवाय वेग उतरला, कीं इंजिनाची गर्जनाही उतरते. यंत्रनौकेस बंदी नाहीं. तिनें सावकाश जावें, एवढेंच.

या निर्णयास विरोधही झाला, आणि तो सर्वस्वी पोकळ नव्हता. नौकांवर ज्यांचें पोट होतें, त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता. पाण्यावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांची एक मोठी जागा जात होती. म्हणूनच पांच वर्षांची मुदत ठेवली गेली. मात्र करमणूक व निसर्गरक्षण यांचा मेळ बसतच नसेल, तर निसर्गरक्षणास झुकतें माप द्यावें, हें तत्त्व लॉर्ड सँडफर्ड यांच्या समितीनें १९७४ सालीं मांडलें होतें व १९९५ च्या कायद्यानें तें मान्य केलें होतें.

यांत न्यायाचा साधा मुद्दा आहे. शांतता शोधणारा वेगाच्या शौकिनाचें कांहींच हिरावून नेत नाहीं. उलट प्रकारीं मात्र सर्वच जातें. वेगासाठीं दुसरें पाणी शोधतां येईल. पण जेथें सर्वच पाणी गर्जतें, तेथें शांततेनें कोठें जावें?