कमाटीबागेतील पाखरे, कीटक आणि कॅमेरा

पक्षी पाहण्यासाठी वडोदेकरांना दूरच्या अरण्यात जावे लागत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभारलेली सयाजीबाग, म्हणजेच आपली कमाटीबाग, ही निसर्गाची उत्तम पाठशाळा आहे. दवाखान्याच्या वेळा सांभाळून तेथे छायाचित्रे टिपण्याचा छंद मी जोपासला आहे. त्यातून जे उमगले, ते येथे मांडतो.

पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वोत्तम. ऊन तिरपे आणि मृदू असते. सूर्य आपल्या पाठीशी असावा. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडत्या पक्ष्यासाठी मात्र दोन हजारावा भाग लागतो. लेन्स ४०० मिलिमीटरची असल्यास पक्ष्याच्या फार जवळ जावे लागत नाही. फोकस नेहमी डोळ्यावर असावा. उपकरणांपेक्षा सवयींचा अभ्यास अधिक उपयोगी पडतो. वेडा राघू एखाद्या उघड्या फांदीवरून झेप घेतो, हवेतच कीटक पकडतो आणि बहुधा त्याच फांदीवर परततो. त्याच्यामागे धावण्यापेक्षा त्या फांदीवर फोकस धरून थांबावे.

कीटकांचे तंत्र वेगळे. त्यांच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असल्याने थंड सकाळी चतुर व फुलपाखरे सुस्त असतात. तीच संधी साधावी. मॅक्रो लेन्सने अगदी जवळून चित्र घेताना जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. म्हणून छिद्र एफ-११ च्या आसपास ठेवावे आणि कॅमेरा पंखांच्या पातळीला समांतर धरावा. फ्लॅशपुढे पांढरा पातळ कागद लावल्यास प्रकाश सौम्य होतो.

आता आपल्या विषयाशी नाते सांगणारे एक उदाहरण. प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची अळी रुईची पाने खाते. रुईतील, डिजिटॅलिसच्या कुळातली हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स तिच्या शरीरात साठतात व फुलपाखरातही उतरतात. ते खाणाऱ्या पक्ष्याला उलटी होते आणि पुढे तो या रंगाच्या वाटेला जात नाही. डॅनेड एगफ्लायची मादी विषारी नसूनही हुबेहूब तेच रूप घेऊन बचावते. या दोघींचे विभेदक निदान छायाचित्रावरून करता येते: प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, तर एगफ्लायच्या मादीला पंखाच्या वरच्या कडेशी एकच. मात्र पंखांच्या दोन्ही बाजूंची चित्रे हवीत. एकाच कोनातल्या एक्स-रेवर आपण तरी कुठे विसंबतो?

घरट्यांच्या बाबतीत आपल्या व्यवसायाचे पहिले सूत्र पाळावे: अपाय करू नये. चित्र नीट यावे म्हणून आडवी फांदी वाकवली की पिल्लांवरची सावली जाते. उन्हाने ती दगावतात किंवा कावळ्यांच्या दृष्टीस पडतात. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्ष्याला बोलावले, तर तो प्रतिस्पर्धी आला समजून घरटे सोडून धावतो. असे मिळवलेले चित्र न मिळालेलेच बरे.

प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ आणि जागा नोंदवावी. केसपेपरशिवाय अहवालाला जशी किंमत नाही, तशी नोंदीशिवाय छायाचित्राला नाही. ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्टवर दिलेली नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. तांबट पक्षी वाळक्या फांदीत भोक कोरून संसार थाटतो. बागेच्या साफसफाईत सर्वांत आधी तीच फांदी तोडली जाते. त्या भोकातून डोकावणाऱ्या पिल्लाचे चित्र माळीबुवांना दाखवले, तर पिल्ले उडून जाईपर्यंत कुऱ्हाड थांबवण्याची विनंती पुराव्यानिशी करता येते. आपल्या छंदाचे याहून मोठे सार्थक ते कोणते?