लिंबोणी काढण्याआधी बुंधा पहा



ऊस नोंदणीसाठी तेरखेडा शिवारात फिरताना एका सभासदाने विहिरीजवळची लिंबोणी दाखवली. "साहेब, पानं पिवळी पडून गळायलीत. खत कमी पडलं का? का काढूनच टाकू?"

मी खाली बसून बुंध्याची माती बाजूला केली. सालीला उभी चीर, तिच्यातून डिंक ओघळलेला. साल खरडली तर आत तपकिरी, कुजकी. हा डिंक्या रोग. फायटोप्थोरा बुरशी ओल्या मातीतून सालीत शिरते. उसाच्या पाटाचे पाणी इथे बुंध्याशी तुंबत होते. उसाला चालते ते लिंबोणीला चालत नाही.

पानांवर, फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके व पानावर त्याभोवती पिवळे वलय असेल तर तो खैऱ्या. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा, तर बहुधा जस्ताची उणीव. डिंक्या मात्र बुंध्यावरच सापडतो.

रोगट साल धारदार चाकूने खरडून जाळावी. १ किलो मोरचूद व १ किलो चुना प्रत्येकी ५ लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करावे. ही बोर्डो पेस्ट पावसाळ्याआधी व नंतर बुंध्याला लावावी. दुहेरी आळे करून पाणी बाहेरच्या आळ्यातच द्यावे.

साल चोहोबाजूंनी कुजल्यावर झाड वाचत नाही. तेव्हा पुढच्या पाळीला दारे धरताना प्रत्येक बुंधा खाली वाकून पहावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी