संगणकाची साठवण आणि ड्रायव्हरची पारख

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी भागातील जुन्या रहिवाशांना श्योपूरकडे जाणारी छोटी रेल्वे आठवत असेल. अवघ्या ६१० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरील ही गाडी २०२० साली थांबली. अशा अरुंद मार्गावर केवळ इंजिन बदलून वेग वाढत नाही. संगणकातही तसेच आहे.

डिस्क आणि कार्यप्रणाली यांच्यात निरोपांची ने-आण करणाऱ्या आज्ञावलीस ‘ड्रायव्हर’ म्हणतात. वाहनचालकाशी तिचा संबंध नाही. जुन्या ‘एएचसीआय’ पद्धतीत ३२ आज्ञांची एकच रांग असते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एनव्हीएमई’ पद्धतीत हजारो रांगा लावता येतात.

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने कार्यालये व शाळा यांना नव्या प्रणालीचा विचार करावा लागत आहे. प्रणालीचा स्वतःचा ड्रायव्हर बरा की डिस्क-उत्पादकाचा, हे जाहिरातीवरून ठरवू नये. तोच संगणक, तीच डिस्क व तीच फाईल घेऊन मोजणी करावी. दुसऱ्या खेपेस फाईल बहुधा स्मृतीतूनच वाचली जाते आणि आकडा फसवा येतो. म्हणून दर वेळी संगणक रीस्टार्ट करावा. एक मोठी फाईल आणि असंख्य लहान फायली यांची नोंद वेगळी ठेवावी. दप्तरी कामात दुसरी नोंदच अधिक बोलकी ठरते.

अयोग्य ड्रायव्हरमुळे संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. तेव्हा हजेरीपट व दाखले यांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी.