हत्यारांचीं हत्यारें

ऐरोली, महापे, वाशी या नव्या मुंबईच्या भागांत कचेऱ्या सुटतात तेव्हां बाहेर पडणाऱ्या गर्दींत आज्ञावली लिहिणारे पुष्कळ असतात. बँकेचा हिशेब, विम्याचा हप्ता, रेल्वेचें तिकीट हीं कामें संगणकाकडून करवून घेणें हा त्यांचा व्यवसाय. परंतु सुताराला पटाशी लागते, आणि पटाशीसाठीं लोहार लागतो. या व्यवसायांतील लोहार, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या हत्यारांचा आराखडा आखणारा सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. त्याची विचारपूस क्वचितच होते.

ऐरोलीहून खाडी ओलांडल्यावर पवई कांहीं फार दूर नाहीं. तेथील आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांनीं याच जातीच्या एका हत्याराचा अभ्यास केला. तें हत्यार म्हणजे कंपायलर; माणसानें लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरविणारा दुभाषी. चांगला दुभाषी बोलणाऱ्याची पुनरुक्तिहि गाळतो.

श्रोत्यांनीं एक किराण्याचें दुकान मनांत आणावें. गिऱ्हाईक उधारीचें असेल तर दर आणि वजन यांचा गुणाकार करून कारकून तो आधीं वहींत मांडतो. रोखीचें असेल तर मांडीत नाहीं. पुढें पावती करतांना मात्र गुणाकार सर्वांचाच होतो, म्हणजे उधारीवाल्याचा दोनदां झाला! उपाय असा कीं, रोखीच्या वाटेवरहि गुणाकार आधींच उरकावा आणि पावतीच्या वेळीं तयार आंकडा उचलावा. पण रोखीचें गिऱ्हाईक पावती न घेतांच निघून जात असेल तर? त्याच्यासाठीं नाहक श्रम नकोत. म्हणून तो गुणाकार पावतीकडे वळणाऱ्या वाटेवरच, अगदीं तोंडाशीं, केला पाहिजे.

मोरेल व रेनव्हाज या फ्रेंच संशोधकांनीं १९७९ सालीं अशी पुनरुक्ति काढण्याची रीत मांडली. तिच्यांत कांहीं आंकडेमोड विनाकारण जागा बदलीत असे, आणि ती रीत चालविण्यासच वेळ फार लागे. ढमढेरे यांच्या १९९१ च्या निबंधानें पहिला दोष टाळला आणि दुसरा पुष्कळ कमी केला.

बँकेच्या आज्ञावलींत चूक झाली तर त्या बँकेचा हिशेब चुकतो. कंपायलर चुकला तर बिनचूक लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या बिघडतात, आणि लिहिणारा बिचारा आपल्याच ओळी पुनःपुन्हां तपाशीत बसतो. म्हणून येथें चलाखीपेक्षां सिद्धतेला मान अधिक. उदय खेडकर आणि ढमढेरे यांनीं १९९४ मध्यें अशा विश्लेषणांचा व्यापक सिद्धांत प्रसिद्ध केला, तो याच वृत्तीचा.

पुढें खेडकर यांनीं पवईंतच जीसीसी या कंपायलरच्या अंतरंगाचे वर्ग घेतले. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ मध्यें प्रथम प्रसिद्ध केलेलें हें हत्यार कोणासहि उघडून पाहतां येतें. पण त्याच्या ओळी लक्षावधि, नवख्याला हात कोठें घालावा हेंच उमगत नाहीं. या मार्गानें जाणाऱ्याचीं पहिलीं वर्षें नवें लिहिण्यापेक्षां दुसऱ्याचें लिहिलेलें वाचण्यांतच अधिक जातात. पगाराचा आंकडा विचारणाऱ्या वडिलांना हें पटविणें जरा अवघडच.