मज्जातंतूचा लगाम

मनुष्य अंथरुणावरून एकदम उठून उभा राहतो, तेव्हा त्याच्या शरीरातील रक्त पायांकडे ओसरू लागते. तरीही निरोगी माणसाला सहसा भोवळ येत नाही. कारण रक्तवाहिन्या तत्काळ आकुंचन पावतात आणि रक्तदाब टिकून राहतो. हे कार्य अनुकंपी मज्जातंतूंचे आहे. रक्तवाहिनीच्या भित्तीलगत या तंतूंवर माळेतील मण्यांसारखे फुगवटे असतात. आवेग येऊन पोहोचला, की त्यांतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे द्रव्य बाहेर पडते. स्नायुपेशींवर हा रासायनिक संदेश ओळखणारे रेणू असतात. त्यांना 'ग्राही' म्हणतात. ग्राहींशी द्रव्याचा संयोग झाला, की स्नायू आखडतो. स्वीडनचे उल्फ फोन ऑयलर यांनी १९४६ मध्ये या मज्जाद्रव्याची ओळख पटवली.

हे ग्राही औषधाने अडवले, तर संदेश निष्फळ ठरावा, एवढेच अपेक्षित होते. परंतु १९५७ मध्ये ब्राउन व गिलेस्पी या ब्रिटिश संशोधकांना मांजराच्या प्लीहेवरील प्रयोगांत काही निराळेच आढळले. ग्राही अडवल्यावर प्लीहेतून बाहेर येणाऱ्या रक्तात नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचे प्रमाण कितीतरी वाढले. ग्राहींनी न स्वीकारलेले द्रव्य रक्तात वाहून जात असावे, असा अर्थ त्या वेळी लावला गेला.

१९७० नंतरच्या काही वर्षांत लँगर, स्टार्के इत्यादी शास्त्रज्ञांनी याचा खरा उलगडा केला. ग्राही केवळ स्नायूवर नसतात. ते खुद्द मज्जातंतूच्या टोकावरही असतात. बाहेर पडलेले द्रव्य साचू लागले, की त्याचा काही अंश या ग्राहींना जाऊन भिडतो. मग टोकात शिरणारे कॅल्शियम घटते व पुढील स्राव मंदावतो. तंतू जणू आपलाच आवाज ऐकतो आणि तो फार चढला, तर स्वतःच खाली आणतो. १९७४ मध्ये लँगर यांनी स्नायूवरील ग्राहींना 'अल्फा-१' व तंतूवरील ग्राहींना 'अल्फा-२' म्हणावे, असे सुचवले. पुढे काही रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरही अल्फा-२ ग्राही आढळले. म्हणून आज हे वर्गीकरण स्थानावरून केले जात नाही.

या शोधाने औषधांच्या गुणदोषांवर नवा प्रकाश पडला. फेंटोलामिन हे औषध दोन्ही प्रकारचे ग्राही अडवते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात खऱ्या, पण तंतूचा लगामही सुटतो. हृदयाकडे जाणाऱ्या तंतूंतून द्रव्य अधिक स्रवते आणि छाती धडधडू लागते. प्राझोसिन मुख्यतः अल्फा-१ ग्राहीच अडवते. लगाम शाबूत राहतो आणि धडधड तुलनेने कमी होते.

क्लोनिडिनचे कार्य याच्या उलट आहे. ते अल्फा-२ ग्राहींना उद्दीपित करते, म्हणजे लगाम खेचते. त्याचा प्रभाव मुख्यत्वे मेंदूत पडतो. तेथूनच अनुकंपी तंतूंकडे जाणारे आवेग घटतात आणि रक्तदाब उतरतो. मात्र हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णाने बरे वाटते म्हणून ते एकाएकी सोडले, तर ओढून धरलेला लगाम अकस्मात सुटतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा येऊन रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. म्हणूनच क्लोनिडिन वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. तंतूच्या टोकावरील त्या सूक्ष्म ग्राहींचे महत्त्व अशा प्रसंगी प्राणाइतके मोठे ठरते.